अनेक घटकांच्या पोषण-पूरक गोळ्या : फायदा किती, धोका किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधांच्या दुकानात गेली अनेक वर्षे मी फार्मासिस्ट म्हणून उभा आहे. "ताकदीची एखादी चांगली गोळी द्या" ही मागणी ऐकल्याशिवाय माझा एकही दिवस जात नाही. मागणारा बहुधा खरोखर थकलेला असतो, त्यामुळे त्याला परत पाठवणे जिवावर येते. तरीही वीस-पंचवीस घटकांची गोळी त्याच्या हातावर ठेवण्यापूर्वी जे बोलणे व्हायला हवे, ते काउंटरवरच्या गर्दीत होत नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरे म्हणूनच येथे लिहिली आहेत. ही माहिती आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.

अनेक घटकांचे पूरक म्हणजे नेमके काय?

ज्या गोळीत, कॅप्सूलमध्ये, पावडरीत किंवा सिरपमध्ये दोनपेक्षा अधिक पोषक अथवा तत्सम घटक एकत्र केलेले असतात, त्यांना या लेखात अनेक घटकांचे पूरक म्हटले आहे. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम आणि जस्त एकत्र असलेल्या हाडांच्या गोळ्या, केसांसाठीच्या बायोटिनयुक्त गोळ्या, वजन कमी करण्याची चूर्णे आणि व्यायामापूर्वी घ्यायची "प्री-वर्कआउट" पावडर हे सगळे यातच मोडते. नुसत्या लोहाची किंवा नुसत्या बी-१२ ची गोळी यात येत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

एकाच गोळीत सगळे मिळत असेल, तर ते सोयीचेच नाही का?

सोयीचे आहे, पण त्या सोयीची किंमत मोजावी लागते. बहुतेक माणसांना कमतरता असते ती एखाद-दुसऱ्या घटकाची. गोळीचा फायदा मिळतो तो तेवढ्यापुरताच. धोका मात्र गोळीतल्या प्रत्येक घटकाचा वेगवेगळा असतो आणि त्यांच्या आपसातल्या संबंधांचाही असतो. म्हणून अशा उत्पादनाबद्दल "ही गोळी चांगली की वाईट" असे विचारण्यापेक्षा "मला हव्या असलेल्या एका घटकासाठी बाकीचे वीस घटक मी का गिळायचे" असे विचारणे अधिक योग्य ठरते.

घटक एकमेकांच्या आड येतात, याचे उत्तम उदाहरण आपल्या गावातच सापडेल. गरोदर बाईला सरकारी कार्यक्रमातून लोह-फॉलिक अॅसिडच्या आणि कॅल्शियमच्या अशा दोन वेगळ्या गोळ्या मिळतात, आणि त्या एका वेळी घेऊ नका, दोघींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवा, असे आशाताई किंवा नर्सताई बजावून सांगतात. याचे कारण असे की कॅल्शियम सोबत असले, तर आतड्यातून लोह कमी शोषले जाते. आता दुकानातल्या कित्येक "संपूर्ण पोषणाच्या" गोळ्या उलटून पाहा. लोह आणि कॅल्शियम एकाच थरात दाबून बसवलेले दिसतील. आशाताईंनी जे टाळायला सांगितले, तेच येथे जाहिरातीचा मुद्दा झालेले आहे.

जस्त आणि तांबे यांचेही असेच आहे. जस्त दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास तांब्याचे शोषण घटते. त्यातून रक्तक्षय होतो, हातापायांच्या नसाही दुखावतात. २०२० च्या कोरोनाकाळात जस्त आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरोघरी सुरू झाल्या. साथ ओसरली तरी काही घरांत त्या सुरूच राहिल्या, आणि त्या का सुरू आहेत हे विचारल्यावर कुणाला सांगता येत नाही.

निरोगी माणसाने रोज मल्टिव्हिटॅमिन घेतल्यास आयुष्य वाढते का?

आजवरचा पुरावा "वाढते" असे सांगत नाही. अमेरिकेत सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले नाही. त्याआधी १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर सुमारे अकरा वर्षे चाललेल्या अमेरिकी चाचणीत (निष्कर्ष २०१२) एकूण कर्करोगांचे प्रमाण ८ टक्क्यांनी कमी दिसले होते, पण हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यात फरक पडला नाही. पुढे २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत कर्करोगाबाबतचा तो फायदा पुन्हा दिसला नाही. स्मरणशक्तीत मात्र थोडी सुधारणा नोंदवली गेली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये हा सगळा पुरावा तपासून कर्करोग आणि हृदयविकार टाळण्यासाठी मल्टिव्हिटॅमिन घ्या किंवा घेऊ नका, असे काहीही ठामपणे सांगण्याइतका आधार नाही, असे म्हटले. बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते तो घटक) आणि ई जीवनसत्त्व यांच्याबाबतीत मात्र "या हेतूने घेऊ नका" अशी स्पष्ट शिफारस केली.

ही स्पष्टता महागात मिळालेली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला (१९९४). तो घटक कर्करोग रोखेल, या अपेक्षेनेच ती चाचणी हाती घेतली होती. ई जीवनसत्त्वाच्या ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीतही २०११ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. फळाभाजीतून मिळणारा घटक गोळीच्या मात्रेत दिल्यावर शरीरात तसाच वागेल, हे गृहीत धरता येत नाही, एवढे या दोन चाचण्यांनी दाखवून दिले. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने "अँटिऑक्सिडंट" मिश्रण विकत घेताना तरी बीटा-कॅरोटीन आहे का, हे आधी पाहावे.

मग अशा मिश्रणांचा खरा फायदा कुणाला होतो?

फायदा होणारे लोक आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत.

सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण डोळ्यांचे आहे. वयोमानाने दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा ऱ्हास होतो, त्याला डॉक्टर "एएमडी" म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या चाचणीत (२००१) क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणामुळे मध्यम अवस्थेतील रुग्णांचा आजार पाच वर्षांत गंभीर अवस्थेला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. यात तांबे का घातले, तर जस्ताची मात्रा ८० मिलिग्रॅम इतकी मोठी होती आणि तिच्यामुळे तांबे कमी पडेल, हे संशोधकांना ठाऊक होते. धूम्रपान करणाऱ्यांचा धोका ध्यानात घेऊन २०१३ च्या पुढच्या चाचणीनंतर बीटा-कॅरोटीनच्या जागी ल्युटीन १० मिलिग्रॅम आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम ही वनस्पतींतील रंगद्रव्ये आली. मिश्रण असे विचारपूर्वक बांधावे लागते. हेच मिश्रण डोळे निरोगी असलेल्याने किंवा अगदी सुरुवातीची अवस्था असलेल्याने घेतल्यास मात्र हा फायदा दिसलेला नाही.

दुसरे उदाहरण गरोदरपणाचे. पंधरा सूक्ष्मपोषकांच्या गोळीने, केवळ लोह-फॉलिक अॅसिडच्या तुलनेत, कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाण घटते, असे अनेक देशांतील चाचण्यांत दिसले आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस काटेकोर संशोधनाच्या चौकटीतच केली. आपल्याकडच्या कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी गरोदरपणात १८० दिवस दिली जाते. ती चालू असताना बाजारातली दुसरी "प्रसूतीपूर्व" गोळी मनाने जोडू नये, कारण लोहाची मात्रा दुप्पट होते आणि उलट्या, बद्धकोष्ठता अशा त्रासाला कंटाळून बाई दोन्ही गोळ्या बंद करते.

याशिवाय वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले, आतड्याच्या विकारांमुळे अन्न नीट न पचणारे आणि दातांअभावी किंवा एकटेपणामुळे चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे वृद्ध यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा मिश्रणांचा उपयोग होतो.

मी शाकाहारी आहे. बी-१२ साठी मल्टिव्हिटॅमिन घेतले तर चालेल का?

बी-१२ ची काळजी करणे रास्त आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत, आणि शहरी मध्यमवर्गीयांपैकी तर ८१ टक्क्यांत, बी-१२ ची पातळी कमी आढळली होती. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ती आणखी घटते.

पण मिश्रणाची अडचण येथेच उभी राहते. कमतरता मोठी असेल, तर सामान्य मल्टिव्हिटॅमिनमधले काही मायक्रोग्रॅम तिला पुरे पडत नाहीत. त्याच गोळीतले फॉलिक अॅसिड मात्र रक्तक्षय सुधारते, हिमोग्लोबिन बरे दिसू लागते, आणि बी-१२ अभावी नसांची हानी आत चालूच राहते. पायांना मुंग्या येणे, तळव्याखाली कापसाची गादी असल्यासारखे वाटणे, अंधारात तोल जाणे ही लक्षणे असतील, तर आधी रक्ताची तपासणी करून नुसत्या बी-१२ चा उपचार घ्यावा.

वेष्टनावरचे मिलिग्रॅम कसे वाचायचे?

यासाठी एक प्रसंग सांगतो. सत्तरीच्या एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या गोळ्या घेऊन आल्या आणि "यातली कुठली संपली ते बघ रे बाबा" म्हणाल्या. काउंटरवर गोळ्यांची पाकिटे ओळीने मांडली, तेव्हा हाडांची एक गोळी, गुडघ्यांची एक आणि "अशक्तपणाची" एक अशा तीन निरनिराळ्या गोळ्या निघाल्या. तिन्ही तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या, आणि तिन्हींत कॅल्शियम व ड जीवनसत्त्व. शिवाय आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटांची ड जीवनसत्त्वाची पुडी त्या "रोज दुधातून" घेत होत्या. प्रौढांसाठी ड जीवनसत्त्वाची रोजची कमाल सुरक्षित मर्यादा ४,००० युनिट मानली जाते. आठवड्याची पुडी रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढते; मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा येतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. आजींना ती मळमळ होतीच, आणि तिच्यावर पित्ताची चौथी गोळी सुरू झालेली होती. मी पुडी बाजूला काढली आणि त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले.

म्हणून पहिला नियम असा, की घरातली सगळी पाकिटे एकत्र मांडून एकेका घटकाची बेरीज करावी. दुसरी गोष्ट क्षाराच्या वजनाची. वेष्टनावर "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम" लिहिले असेल, तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. "झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम" म्हणजे जस्त सुमारे २२.५ मिलिग्रॅम, आणि "फेरस फ्युमरेट १५२ मिलिग्रॅम" म्हणजे लोह सुमारे ५० मिलिग्रॅम. बेरीज नेहमी मूळ घटकाची करायची.

तिसरी गोष्ट म्हणजे शिफारस केलेल्या दैनंदिन मात्रेची टक्केवारी. ही मात्रा जवळजवळ सर्व निरोगी माणसांची गरज भागेल, अशा बेताने मुद्दाम वरच्या बाजूला ठरवलेली असते. त्यामुळे आहारातून ती शंभर टक्के न भरल्यास कमतरता आहेच, असे होत नाही. आणि गोळीतून ५०० टक्के मिळाल्यास पाचपट ताकद येते, असेही नाही.

"नैसर्गिक" आणि वनस्पतिजन्य घटक असतील, तर धोका कमी असतो ना?

नाही. जीवनसत्त्वांची निदान मर्यादा तरी ठाऊक असते. वनस्पतींच्या अर्कांत कोणता अंश किती प्रमाणात उतरला, हे उत्पादनागणिक बदलते.

बेलाच्या झाडात एजिलिन नावाचे एक संयुग असते. ते कारखान्यात बनवून वजन घटवण्याच्या आणि व्यायामाच्या एका अमेरिकी मिश्रणात घातले गेले. २०१३ मध्ये हवाई बेटांवर ते मिश्रण घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाची लाट आली. काहींना यकृत प्रत्यारोपण करावे लागले, मृत्यूही झाला, आणि उत्पादन बाजारातून परत घ्यावे लागले. आपण शंकराला बेल वाहतो, बेलफळाचा मुरंबाही खातो. त्यावरून त्यातले एकच संयुग वेगळे काढून उत्तेजक द्रव्यांसोबत रोज घेणे सुरक्षित आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

हळदीचेही असेच आहे. फोडणीतली चमचाभर हळद आणि मिरीच्या अर्कासह येणारी कर्क्युमिनची (हळदीतल्या मुख्य घटकाची) कॅप्सूल यांची तुलना होऊ शकत नाही. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की २० मिलिग्रॅम पायपेरीन (मिरीतला तिखट घटक) सोबत दिल्यास माणसाच्या रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन २,००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा जाहिरातीत अभिमानाने छापला जातो. पण जो घटक कर्क्युमिनला यकृतातून सहज पुढे जाऊ देतो, तो रुग्णाच्या इतर औषधांनाही तसाच पुढे जाऊ देऊ शकतो. अशा हळद-कॅप्सूलींमुळे यकृतदाह झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेतून आलेल्या आहेत. ग्रीन टीच्या अर्कातील मुख्य कॅटेचिन (चहाच्या पानातले एक द्रव्य) दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइमे वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदवहीत पूरकांमुळे झालेल्या रुग्णांचा वाटा २००४-०५ मधील ७ टक्क्यांवरून २०१३-१४ मध्ये २० टक्क्यांवर गेला होता.

जिममध्ये दिली जाणारी प्रोटीन आणि प्री-वर्कआउट पावडर घ्यावी का?

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. व्यायाम करणाऱ्याला अधिक लागतात, पण डाळी, दूध, दही, अंडी, सोयाबीन यांतून ती बहुधा भरून निघतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांत, स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळा, असे म्हटले आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींपैकी सुमारे ७० टक्के पावडरींवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला.

प्री-वर्कआउटमध्ये खरे काम बहुतांशी कॅफिन करते. दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन निरोगी प्रौढाला सहसा सोसते; काही डब्यांतील एका स्कूपमध्येच २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, त्यावर दिवसभराचा चहा-कॉफी वेगळाच. छातीत धडधडणे हे "पावडर लागू पडल्याचे" लक्षण नव्हे. घटकांची एकत्रित मात्रा देऊन प्रत्येकाची वेगळी मात्रा न सांगणारा डबा मी स्वतः कुणालाही सुचवत नाही. स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी वापरले जाणारे क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्यायचेच असेल, तर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, एकटे घेता येते. त्याचा पुरावा चांगला आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही घेऊ नये.

माझी औषधे चालू आहेत. त्यांच्यासोबत घेतले तर चालेल का?

थायरॉइडची गोळी घेत असाल, तर लोह किंवा कॅल्शियम असलेले कोणतेही पूरक तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावे, अन्यथा गोळीचा परिणाम घटतो आणि मात्रा विनाकारण वाढवली जाते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल ही औषधे चालू असताना के जीवनसत्त्व असलेले मिश्रण अचानक सुरू किंवा बंद केल्यास रक्त गोठण्याचे गणित बिघडते. काही प्रतिजैविके कॅल्शियम, लोह आणि जस्ताला चिकटून बसतात आणि शोषली जात नाहीत. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण घेत असलेल्या सगळ्या पूरकांची यादी भूलतज्ज्ञांना द्यावी.

रक्त तपासणीवर याचा परिणाम होतो का?

होतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असते. दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची. एवढ्या मात्रेमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे अहवाल चुकीचे येतात आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणी खोटी कमी दाखवू शकते. तपासणीपूर्वी लॅबला आणि डॉक्टरांना या गोळीबद्दल आवर्जून सांगावे.

हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणजे लोहयुक्त मिश्रण सुरू करायचेच ना?

आधी कारण शोधायला हवे. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असलेल्यांचे हिमोग्लोबिन थोडे कमी आणि तांबड्या पेशी लहान असतात. हे चित्र लोहाच्या कमतरतेसारखेच दिसते, पण शरीरात लोह पुरेसे असू शकते. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्या रुग्णांना फॉलिक अॅसिड लागते, वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात मात्र लोह साचत जाते. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून मग ठरवलेले बरे.

गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते. काही बिघडले का?

नाही. तो रिबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा रंग आहे. लोहामुळे शौचाला काळे होते, तेही अपेक्षितच. शौच डांबरासारखे चिकट असेल, तर मात्र दवाखाना गाठावा.

मुलांना जीवनसत्त्वांच्या गमी द्याव्यात का?

चारीठाव खाणाऱ्या मुलाला त्यांची गरज नसते. दिल्याच, तर बरणी कुलपात ठेवावी. लहान मुले त्यांना गोळ्या-चॉकलेटच समजतात. आईच्या लोहाच्या लाल, साखरेचे आवरण असलेल्या गोळ्यांबाबत तर अधिकच जपावे. त्या मूठभर गिळल्या गेल्यास मुलाच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता पाकिटासह रुग्णालयात जावे.

वेष्टनावर एफएसएसएआयचा क्रमांक आहे. म्हणजे उत्पादन परिणामकारक आहे का?

एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणारे केंद्रीय प्राधिकरण. तो चौदा अंकी क्रमांक उत्पादकाकडे अन्नव्यवसायाचा परवाना असल्याचे सांगतो. पूरके २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली, म्हणजे अन्न म्हणून, विकली जातात. नव्या औषधाला विक्रीपूर्वी रुग्णांवरील चाचण्यांतून जावे लागते, तशी अट त्यांना नसते. "औषधी वापरासाठी नाही" हे वाक्य वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. त्याच वेष्टनावर मधुमेह किंवा सांधेदुखी बरी होण्याचे आश्वासन दिसले, तर ते वेष्टन स्वतःच कायदा मोडत आहे.

पूरक घेतल्यानंतर त्रास झाला, तर काय करावे?

गोळी लगेच थांबवावी, पण पाकीट फेकू नये. डोळे पिवळे होणे, लघवी चहासारखी गडद होणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, छातीत धडधड किंवा अंगावर पित्त उठणे यांपैकी काहीही दिसल्यास पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे. घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि किती दिवस घेतली हे सांगावे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा दुष्परिणामांची नोंद घेते आणि रुग्ण स्वतःही तेथे कळवू शकतो. भेसळीचा किंवा खोट्या लेबलचा संशय असेल, तर एफएसएसएआयच्या "फूड सेफ्टी कनेक्ट" या अॅपवर किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार करता येते. त्यासाठी खरेदीची पावती उपयोगी पडते, तेव्हा बिल मागून घ्यावे, आणि दुकानदार देत नसेल तर तेथून खरेदीच करू नये.